विंडोज ११ टाकल्यापासून पुढचे ऑडिओ पोर्ट बंद, लाइन-इनमध्ये सरळ रेघ – मदत हवी आहे

मंडळी,

घरचा डेस्कटॉप विंडोज १० वरून ११ वर नेला आणि तेव्हापासून आवाजाचा पार विचका झालाय. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून अपग्रेड केलं, नाहीतर मी या भानगडीत पडलोच नसतो.

मशीनवर मुख्य काम एकच. वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेट आहेत, बहुतेक ९० मिनिटांच्या, काही ६० च्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. कॅसेट डेकच्या लाल-पांढऱ्या आउटमधून केबल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टात (लाइन-इन, बाहेरचा आवाज आत घ्यायचा पोर्ट), ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग, आणि ऐकायला हेडफोन पुढच्या हिरव्या पोर्टात. विंडोज १० वर हे सगळं बिनबोभाट चालत होतं.

आता परिस्थिती अशी:

पुढचे दोन्ही पोर्ट (हेडफोन आणि माइक) मेलेत. हेडफोन घातला तरी साउंडच्या यादीत ‘नॉट प्लग्ड इन’ असंच दिसतं. प्लग फिरवून, अर्धवट घालून, दुसरा हेडफोन लावून पाहिलं.

मागचा निळा पोर्ट यादीत नीट दिसतो. केबल काढली की राखाडी होतो, घातली की परत येतो. पण ऑडॅसिटीत रेकॉर्ड दाबलं की सरळ रेघ. एरर वगैरे काही नाही, नुसती सरळ रेघ.

मागच्या हिरव्या पोर्टावरचे स्पीकर चालतात, पण मशीन चालू केलं की आवाज आधी मॉनिटरकडे जातो. मॉनिटरला स्पीकरच नाहीत! दर वेळी हाताने बदलावं लागतं.

मशीन: आय३-८१००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, ऑडिओ रिअलटेक. बोर्ड-प्रोसेसर लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, कॅबिनेट मात्र त्याच्याही आधीच्या कॉम्प्युटरचं. ट्रबलशूटर चालवून झाला. ड्रायव्हर काढून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरचा पुन्हा टाकला. फरक शून्य.

यूएसबी साउंडकार्ड घ्या असं सांगणार असाल तर ते शेवटचा उपाय म्हणून ठेवलंय. आधी हे का झालं ते समजून घ्यायचंय.

खटपट्या
सेम पिंच. मी एक ड्रायव्हर पॅक मिळतो तो टाकला, सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट. एकदा टाकून बघा.

सोल्डरगन
खटपट्या, कृपया असले पॅक कुणाला सुचवू नका. आवाजाबरोबर चार टूलबार आणि एक अँटिव्हायरस पदरात पडतो.

धागाकर्ते साहेब, वर्णन व्यवस्थित दिलंत ते बरं केलंत. नाहीतर इथे ‘आवाज येत नाही, मदत करा’ एवढ्यावर धागे निघतात. मला हे तीन वेगवेगळे बिघाड वाटताहेत, एकाच दिवशी उपटलेले. एकाच औषधाने तिन्ही जातील ही आशा सोडा.

आधी सोपं. मॉनिटरचं. विंडोज आणि आर दाबून ‘एमएमएसवायएस डॉट सीपीएल’ टाइप करा (अर्थात रोमन अक्षरांत). जुना साउंडचा डबा उघडेल, ११ मध्येही तो आहे. प्लेबॅकमध्ये मॉनिटरवर राइट क्लिक करून डिसेबल. त्याचं नाव इंटेल डिस्प्ले ऑडिओ वगैरे असेल. एचडीएमआय केबलमधून आवाजही जाऊ शकतो म्हणून विंडोज त्याला स्पीकर समजतं.

दुसरं, निळा पोर्ट. केबल काढल्या-घातल्याचं कळतंय म्हणजे पोर्ट, चिप, ड्रायव्हर तिन्ही जागेवर आहेत. सरळ रेघ म्हणजे ऑडॅसिटीपर्यंत आवाज पोचूच दिला जात नाहीये. सेटिंग्ज – प्रायव्हसी अँड सिक्युरिटी – मायक्रोफोन. तिथे वरचं बटण चालू आहे का, आणि खाली ‘लेट डेस्कटॉप अॅप्स अॅक्सेस युअर मायक्रोफोन’ चालू आहे का ते बघा. तुम्ही म्हणाल माझा माइक नाही, कॅसेट डेक आहे. पण विंडोजच्या लेखी आत येणारा आवाज म्हणजे माइक, मग तो लाइन-इनमधून का येईना. परवानगी बंद असली की प्रोग्रामला एरर मिळत नाही, शांतता मिळते.

पुढच्या पोर्टांचं नंतर बोलू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडखाली काय नाव दिसतं ते लिहा: ‘रिअलटेक ऑडिओ’ की नुसतं ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’? आणि त्याच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
सोल्डरगन, तुमच्या तोंडात साखर पडो! डेस्कटॉप अॅप्सचं बटण खरंच बंद होतं. चालू केलं, ऑडॅसिटी बंद करून उघडली आणि रेघ नाचायला लागली. मॉनिटरही डिसेबल केला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रिअलटेक ऑडिओ’ आहे. आयडीत व्हेंडर १०ईसी आणि डिव्हाइस ०८८७ असं दिसतंय. पुढचे पोर्ट अजून तसेच.

सोल्डरगन
१०ईसी म्हणजे रिअलटेक, ०८८७ म्हणजे एएलसी८८७ चिप. ड्रायव्हर बरोबर बसलाय. स्टोअरमधून ‘रिअलटेक ऑडिओ कन्सोल’ टाका. त्यात डिव्हाइस अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पुढच्या पॅनेलचं जॅक डिटेक्शन (प्लग घातलाय की नाही ते ओळखणं) बंद करायचा पर्याय कुठे दिसतो का बघा. जुन्या रिअलटेक मॅनेजरमध्ये तो पिवळ्या फोल्डरच्या चिन्हाखाली असायचा.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
कन्सोल उघडला. मागचे पोर्ट रंगीत दिसतात, पुढचे दोन्ही करडे. तुम्ही म्हणता तो पर्याय माझ्याकडे दिसत नाही.

पेंग्विन_पुणेकर
लिनक्स टाका. 😀

बरं, हसून झालं. टाकू नका, पण पेनड्राइव्हवरून चालवून बघा. मिंटची (लिनक्सचाच एक प्रकार) आयएसओ फाइल उतरवा, पेनड्राइव्हवर लिहा, त्यावरून बूट करा. इन्स्टॉल अजिबात करायचं नाही. साउंड सेटिंग उघडून पुढच्या पोर्टात हेडफोन घाला. हेडफोनचं नाव यादीत उगवलं तर दोष विंडोजच्या बाजूला. नाही उगवलं, तर गेले काही दिवस तुम्ही विंडोजला उगाच शिव्या घालताय आणि गडबड त्याच्याही खाली आहे. ड्रायव्हर काढा-घाला करण्यापेक्षा हा निकाल लवकर लागतो.

खटपट्या
अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत ‘गो बॅक’ करता येतं. जा की परत १० वर.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
पेंग्विनराव, केलं. मिंटमध्येही पुढचा हेडफोन दिसत नाही. मागच्या हिरव्यात घातला की दिसतो. म्हणजे आता पोर्टच गेले समजायचं का? पण अपग्रेडच्या आदल्या रात्री तर मी पुढूनच ऐकत होतो.

सोल्डरगन
पोर्ट गेलेले नाहीत. आणि १० वर परत गेलात तरी ते चालणार नाहीत, असं माझं मत बनत चाललंय.

एक प्रश्न. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. तुमच्या बोर्डावर ते इंटेल पीटीटी या नावाने असतं आणि बायोसमधून (विंडोजच्याही आधी चालू होणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) चालू करावं लागतं. ते कुणी केलं? त्या वेळी बायोस अपडेट झाला का?

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
भाच्याने केलं. कॉम्प्युटर ११ साठी चालत नाही असं आधी येत होतं. त्याने बायोसची नवीन आवृत्ती टाकली, पीटीटी चालू केलं, मग चाललं. त्याचा आवाजाशी काय संबंध?

सोल्डरगन
सगळा संबंध तिथेच आहे. जरा पाल्हाळ लावतो.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांपासून एक वायर बोर्डावरच्या पिनांपर्यंत येते. या वायरीचे दोन जमाने आहेत. एसी ’९७ हा इंटेलचा १९९७ चा आणि एचडी ऑडिओ २००४ चा. प्रत्यक्ष आवाजाच्या तारा दोन्हींत एकाच पिनांवर येतात. फरक उरलेल्या तारांत. एचडी ऑडिओमध्ये पिन ७ वरून चिप विचारते, ‘कुणी आलंय का?’ आणि ६ व १० वर उत्तर येतं, एकावर माइकचं, एकावर हेडफोनचं. एसी ’९७ मध्ये ही विचारपूसच नाही. तिथे ६ आणि १० चं काम निराळंच: पुढे हेडफोन घातला की पोर्टाच्या आतली पत्री उचलली जायची आणि मागच्या स्पीकरकडे जाणारा आवाज तुटायचा.

आता एसी ’९७ ची वायर एचडी बोर्डाला लावली तर चिप विचारत राहते आणि उत्तर येत नाही. चिप समजते, हेडफोन नाही. ‘नॉट प्लग्ड इन’.

त्यावर तोड म्हणून काही बोर्डांच्या बायोसमध्ये ‘फ्रंट पॅनेल टाइप’ अशी सेटिंग असते: एचडी किंवा एसी ’९७. एसी ’९७ ठेवलं की चिप पुढच्या पोर्टांना न विचारता चालू धरते. तुमचं कॅबिनेट जुनं, बोर्ड नंतरचा. ज्याने जोडणी केली त्याने बहुधा ही सेटिंग एसी ’९७ वर ठेवली असणार. बायोस अपडेट झाला, सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या, आणि मूळपद म्हणजे एचडी. विंडोज बिचारं त्याच दिवशी आलं म्हणून आळ त्याच्यावर.

बायोसमध्ये अॅडव्हान्स्ड – ऑनबोर्ड डिव्हाइसेसच्या आसपास शोधा. पीटीटीला हात लावू नका. आणि आत शिरण्याआधी ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा. एरवी गरज पडणार नाही, पण पडली तर रात्री अकरा वाजताच पडते.

पेंग्विन_पुणेकर
+१. आणि कॅबिनेट उघडून ती वायर बघाच. बऱ्याच कॅबिनेटांत एकाच वायरीला दोन प्लग असतात, एकावर ‘एचडी ऑडिओ’ आणि दुसऱ्यावर ‘एसी ’९७’ छापलेलं. एक लावायचा, दुसरा लोंबकळत सोडायचा. कितीतरी ठिकाणी नेमका चुकीचा लावलेला सापडतो.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
सापडलं!

बायोसमध्ये फ्रंट पॅनेल टाइप एचडीवरच होतं. ते एसी ’९७ केलं आणि पुढच्या पोर्टात हेडफोन लगेच चालू. पण आता विंडोज ‘हेडफोन आहे’ असं कायमच दाखवतं, लावा न लावा.

मग कॅबिनेट उघडलं. पेंग्विनराव म्हणतात तसंच. काळ्या वायरीला दोन प्लग, बोर्डात एसी ’९७ वाला, आणि एचडी ऑडिओवाला पॉवर सप्लायच्या वायरींमध्ये प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकलेला. आता तो लावू का? की चालतंय तर चालू द्यावं?

सोल्डरगन
लावा. सेटिंगवर विसंबलात तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपेल तेव्हा बायोस परत मूळपदावर जाईल आणि तुम्ही परत इथे धागा काढाल.

मेन स्विच बंद, मागची पॉवर केबल काढा, पॉवर बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग कामाला लागा. प्लग वायर ओढून काढू नका, प्लॅस्टिकला धरून सरळ वर. पिनांवर बारीक अक्षरांत एफ-ऑडिओ किंवा एएएफपी लिहिलेलं असेल, साधारण मागच्या पोर्टांच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.

इथे एक सांभाळा. दोन ओळींत पाच-पाच जागा, एक पिन गाळलेली. शेजारी यूएसबीच्या पिनाही अशाच नऊ असतात. यूएसबीची गाळलेली पिन थेट कोपऱ्यात असते, ऑडिओची कोपऱ्याच्या शेजारची. प्लगचं बुजवलेलं भोक त्या रिकाम्या जागेवर आलं तर तो सहज बसतो. जोर लावावा लागला तर थांबा, जागा चुकली आहे. यूएसबीच्या पिनांवर पाच व्होल्ट असतात, तिथे प्रयोग नको.

प्लग बसला की बायोसमध्ये परत एचडी.

अवांतर: यूएसबी साउंडकार्डावर पैसे घातले नाहीत ते चांगलं झालं. स्वस्तातल्या बहुतेकांना लाइन-इन नसतं, फक्त मोनो माइक. डेकचा आउट त्यात घातला असता तर दोन्ही चॅनेल एक झाले असते आणि वर आवाज फाटला असता.

जुनी_कॅसेट (धागाकर्ता)
एचडीचा प्लग बसवला, बायोस परत एचडीवर. आता हेडफोन घातला की दिसतो, काढला की जातो. पुढचा माइकही जागा झाला. रिअलटेक कन्सोलमध्ये सगळे पोर्ट रंगात.

काल रात्री एका कॅसेटची पूर्ण बाजू उतरवली, पुढच्या पोर्टातून ऐकत. लाइन-इनची लेव्हल मात्र अपग्रेडमध्ये १०० वर गेली होती, झांजा फाटत होत्या. साउंडच्या डब्यात रेकॉर्डिंगमध्ये लाइन-इनच्या लेव्हल्समधून खाली आणली. अजून कुणी अपग्रेडनंतर रेकॉर्डिंग करत असेल तर हेही तपासा.

सोल्डरगन, पेंग्विन, दोघांचे आभार. खटपट्या, तुमचंही पुढच्या पोर्टांचं असेल तर ड्रायव्हर पॅक काढा आणि कॅबिनेट उघडा.

खटपट्या
माझा लॅपटॉप आहे हो.

सोल्डरगन
मग तुमचं दुखणं वेगळं. लॅपटॉपला असा प्लगही नसतो आणि माइक-हेडफोन एकाच भोकात असतात. मॉडेल आणि हार्डवेअर आयडी देऊन नवीन धागा काढा, इथे नको.