केग, फ्रिज आणि बंटीचं बजेट

बंटी कोलंबस: दादा, आहेस का? बाटल्या धुऊन वैताग आलाय. या वेळी केगच घ्यावी म्हणतोय, म्हणजे स्टीलची मोठी टाकी. दिवाळीला इकडची पंधरा-वीस माणसं यायचीयत. बजेट दोनशे डॉलर. जमेल का?

मंजूआत्या: कसल्या बाटल्या रे?

बंटी कोलंबस: बिअरच्या, आत्या. घरी करतो ना मी.

मंजूआत्या: आणि हे तू सगळ्यांच्या ग्रुपवर विचारतोयस. आज एकादशी आहे.

पिंकी लेस्टर: आत्या, ओहायोत अजून रात्र आहे, त्याची दशमीच चाललीय 😄

दादा सिअ‍ॅटल: दोनशेत नाही बसणार. अडीचशे धर, तेही गॅरेजमधला फ्रिज चालू असेल तर.

बंटी कोलंबस: चालू आहे. घराबरोबरच आलाय. सध्या त्यात लोणच्याच्या बरण्या आणि कोकची खोकी.

दादा सिअ‍ॅटल: मग मोठा खर्च वाचला. बरण्या हलव.

सोनलवहिनी: बंटी, तुझ्या दादाने आडवा फ्रीझर "घरासाठी" म्हणून आणला होता. मी म्हटलं चला, मोदक, खवलेला नारळ, पुरणाचे गोळे राहतील. त्यात आज तीन केगा आहेत. नारळ अजून वरच्या फ्रिजमध्ये कोंबलेलाच.

दादा सिअ‍ॅटल: तो फ्रीझर बाहेरच्या थर्मोस्टॅटवर चालतो, ३-४ डिग्रीला. त्यात नारळ टिकणारच नाही.

सोनलवहिनी: तेच म्हणतेय मी.

दादा सिअ‍ॅटल: असो. बंटी, हिशोब ऐक. आकडे साधारण आहेत, तुझ्याकडे थोडं इकडेतिकडे होईल. केग जुनी घे, पाच गॅलनची, कॉर्नी म्हणतात ती, म्हणजे १९ लिटर. पूर्वी कोक-पेप्सीचं सिरप या टाक्यांतून हॉटेलांत जायचं. पुढे त्यांनी खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या आणि या स्टीलच्या टाक्या घरी बिअर करणाऱ्यांच्या हाती लागल्या. एके काळी मातीमोल जायच्या, आता जुनीलाही पन्नास-साठ पडतात. त्यात दोन जाती. पेप्सीवाली उंच आणि सडपातळ, तिला बॉल लॉक म्हणतात. कोकवाली बुटकी आणि जाड, ती पिन लॉक. तू बॉल लॉकच घे. तिचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि झाकणावर हाताने हवा सोडायची कडी असते. पिन लॉकच्या बऱ्याच झाकणांना ती नसते.

बंटी कोलंबस: स्टील खराब झालेलं नसेल ना, इतकी जुनी?

दादा सिअ‍ॅटल: पोचे आले तरी चालतात. आत टॉर्च मारून बघ, खड्डे किंवा गंज नको. रबर मात्र सगळं फेकायचं. झाकणाची मोठी रिंग, दोन्ही तोंडांवरच्या छोट्या, नळ्यांच्या गळ्याशी असतात त्या. सगळा संच पाच डॉलरच्या आत-बाहेर. रबर वास धरून ठेवतं. जुन्या रिंगा तशाच ठेवल्यास तर तुझ्या बिअरला रूट बीअरचा, म्हणजे इकडच्या त्या गोड सोड्याचा वास येईल, आणि तो धुऊन जात नाही.

नानाकाका: टाकीला किती प्रेशर चालतं?

दादा सिअ‍ॅटल: काका, अंगावर १३० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) छापलेलं असतं. आपण वापरतो १२.

नानाकाका: म्हणजे चौरस सेंटिमीटरला ९ किलो सोसणारी टाकी आणि काम पाऊण किलोच्या जरा वर. ठीक आहे. मग भीती टाकीची नाही, बिअरला गॅस देणाऱ्या सिलिंडरची. कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असणार. खोलीच्या तापमानाला आत साठ किलोच्या आसपास प्रेशर. रेग्युलेटर कुठला लावतोय हा मुलगा?

दादा सिअ‍ॅटल: तेच लिहिणार होतो. बंटी, काटकसर टाकीत कर, नळात कर, फ्रिजमध्ये कर. गॅसच्या बाजूला करू नकोस. रेग्युलेटर नवा घे, दोन काट्यांचा, पन्नास-साठ डॉलर. दुसऱ्याने वापरलेला नको, त्याचा पडदा आतून कसा आहे ते बाहेरून कळत नाही.

सिलिंडर पाच पौंडी पुरे. तो जुना घेतलास तरी चालेल, पण खांद्यावर ठोकलेली तारीख बघ. इकडे पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते. तारीख उलटलेली असेल तर दुकानदार भरून देत नाही, आणि चाचणीचे पैसे धरले की स्वस्ताई संपली. पुष्कळ ठिकाणी रिकामा देऊन भरलेला घ्यायचा अशी पद्धत आहे. तिथे नवा चकचकीत सिलिंडर नेण्यात काहीच अर्थ नाही, परत येताना कुणाचा तरी ओरखडलेलाच हातात पडतो. वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडे विचार, तो बहुतेक वेळा स्वस्त असतो. पेयासाठी हवाय हे सांग.

नानाकाका: गाडीतून उभा आण. बांधून. काचा उघड्या ठेव.

बंटी कोलंबस: हो काका.

नानाकाका: पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो. मोकळा झाला तर बाराशे लिटर गॅस होतो. हवेपेक्षा जड, खाली साचतो. मोठ्या गॅरेजमध्ये काही होणार नाही, पण जिन्याखालच्या कपाटात किंवा बंद खोलीत ठेवू नकोस.

मंजूआत्या: एवढं सगळं करण्यापेक्षा दुकानातून आणावी की माणसाने.

पिंकी लेस्टर: आत्या, मग त्यात मजा काय 😄 दादा, आमच्याकडची पद्धत सांगू का त्याला? इथे प्लॅस्टिकचा प्रेशर बॅरल मिळतो, ४० पिंटचा, म्हणजे २३ लिटर. बिअर भरताना थोडी साखर घालायची, ती आतल्या आत फसफसते. दाब कमी पडला तर झाकणातून छोटी गॅसची कुपी टोचायची. सिलिंडर नको, रेग्युलेटर नको. आमच्या शेजारच्या आजोबांकडे असाच आहे. इंग्लंडमध्ये १९६३पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा, तो गेल्यावर लोकांनी हे बॅरल घरोघरी आणले.

दादा सिअ‍ॅटल: स्वस्त आहे खरं, पण त्याला जास्त दाब सोसत नाही. तुमच्या इंग्लिश एल बिअरला फेस कमीच लागतो, ती त्यात छान होते. बंटी करतो गव्हाची बिअर, तिला भरपूर गॅस लागतो. शिवाय त्या बॅरलांचं झाकण कधी गळेल सांगता येत नाही.

साखरेचा मुद्दा मात्र घेण्यासारखा आहे. स्टीलच्या केगमध्येही साखर घालून फेस आणता येतो, बाटल्यांपेक्षा कमी साखरेत. तेवढा सिलिंडर जास्त पुरतो.

समीर पुणे: मी शांतपणे वाचत होतो. इथे गच्चीवर करता येईल का हे सगळं?

नानाकाका: नाही. महाराष्ट्राचा १९४९चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं, बनवणं गुन्हा आहे, बिअरसुद्धा त्यातच. राज्य उत्पादन शुल्कवाले जिना चढून येतील.

समीर पुणे: अमेरिकेत चालतं?

दादा सिअ‍ॅटल: १९७८ साली कार्टर अध्यक्ष असताना कायदा झाला. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००. विकायची नाही. बाकीचे नियम राज्याराज्यांचे. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ साली परवानगी दिली.

मंजूआत्या: दोनशे गॅलन म्हणजे किती?

नानाकाका: साडेसातशे लिटर.

मंजूआत्या: अरे देवा.

बंटी कोलंबस: आत्या, मी वर्षाला चार-पाच वेळाच करतो. दादा, नळाचं सांग. फ्रिजच्या दाराला भोक पाडून ते क्रोमचे नळ लावतात ना, तसे हवेत.

दादा सिअ‍ॅटल: अडीचशेत नको. चांगला नळ आणि त्याचा दांडा मिळून साठ-सत्तर जातात. सध्या पाच डॉलरची प्लॅस्टिकची तोटी घे, दाबली की बिअर येते ती. नळी फ्रिजमध्येच गुंडाळून ठेवायची, दार उघडून ग्लास भरायचा. पुढे भोक पाडायचंच झालं तर दारालाच पाड. बाजूच्या पत्र्याच्या आत गारव्याच्या नळ्या असू शकतात, ड्रिल त्यातून गेलं की फ्रिज भंगारात.

नळी लांब घे. ही गोष्ट लोक हमखास चुकवतात. दोन-तीन फुटांत काम होतंय असं वाटतं, मग नुसता फेस येतो आणि दोष बिअरला देतात. आतून ३/१६ इंचाची नळी, १० फूट. टाकीत १२चा दाब आहे, तो नळीत घासून घासून तोटीपाशी जवळजवळ संपला पाहिजे, तर बिअर संथ पडते. दहा फूट नळीला काही डॉलर लागतात, तिथे कापाकापी करू नकोस.

केगच्या तोंडांना नळ्या जोडायची टोपणं दोन लागतील, करडं गॅसचं आणि काळं बिअरचं. उलटसुलट दाबून बसवू नकोस, अडकून बसतात.

बंटी कोलंबस: एकूण?

दादा सिअ‍ॅटल: केग ५५, सिलिंडर ७५, रेग्युलेटर ५५, टोपणं १५, नळ्या आणि क्लँप १२, तोटी ५, रिंगा ५, गॅस भरणं २५. झाले २४७. सिलिंडर कुणाचा जुना मिळाला तर सव्वादोनशेत बसशील.

सोनलवहिनी: इथे कधी २४७वर थांबलं नव्हतं. सांगून ठेवते.

मंजूआत्या: त्या टाकीत नुसता सोडा करता येतो का रे?

दादा सिअ‍ॅटल: येतो की आत्या. सोडावॉटरच्या गाडीवर हेच असतं. गार पाणी, सिलिंडरचा गॅस, दाब.

मंजूआत्या: मग कोकम सोडा करा. मुलंही पितील.

दादा सिअ‍ॅटल: कोकम टाकीत घालायचं नाही. गर नळीच्या तोंडाशी अडकतो, आणि रबराला वास आणि रंग दोन्ही बसतात. टाकीत साधा सोडा, ग्लासात आगळ, मीठ, जिरेपूड. सोडा झणझणीत हवा असेल तर ३०च्या आसपास दाब लागेल आणि नळी याच्या दुप्पट.

---

(पुढच्या आठवड्यात)

बंटी कोलंबस: सगळं जमलं. केग ५० ला मिळाली. उघडल्यावर रूट बीअरचा भपकारा आला, तू म्हणालास तसाच. रिंगा बदलल्या, गरम पाण्यात ऑक्सिक्लीनची धुण्याची पावडर घालून रात्रभर भरून ठेवली, मग स्टार सॅन हे जंतुनाशक फिरवलं. आता वास नाही. पण रिकामी ठेवून दाब बघत होतो, तर सिलिंडर बंद केला की काटा हळूहळू खाली येतो.

दादा सिअ‍ॅटल: कुठून जातोय ते शोध. स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घे, प्रत्येक जोडावर मार.

बंटी कोलंबस: झाकणाच्या कडेने बुडबुडे.

दादा सिअ‍ॅटल: आधी ३० दे. हे झाकण हॉकिन्सच्या कुकरसारखं आतून बसतं, दाबच त्याला वर रेटून घट्ट करतो. कमी दाबावर जुनी केग थोडी गळतेच. रिंगेला केगवाल्यांचं खाण्याजोगं ग्रीस लाव, व्हॅसलीन नको, ते रबर खातं. आणि झाकण उघडायच्या आधी दर वेळी कडी ओढून दाब सोड.

नानाकाका: सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडात वॉशर आहे का बघ. तो नसला तर कितीही आवळ, गळणारच.

बंटी कोलंबस: वॉशर आहे काका. ३० दिल्यावर झाकण बसलं! काटा तासभर जागचा हलला नाही.

दादा सिअ‍ॅटल: आता बिअर भर, फ्रिजमध्ये ठेव आणि १२ वर लावून विसरून जा. ३-४ डिग्रीला दहा-बारा दिवस. घाई करून टाकी हलवत बसतात लोक, मग गॅस जास्त होतो आणि काढत बसावं लागतं. तुझ्याकडे वेळ आहे.

आणखी एक. रेग्युलेटरवरच्या सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर जाऊ नकोस. आत द्रव आहे तोवर तो जागचा हलत नाही, आणि हलला की संपतच आलं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजन कर. रिकाम्याचं वजन खांद्यावर छापलेलं असतं. गळती नसेल तर आठ-दहा केगा सहज निघतात.

बंटी कोलंबस: थंडीत गॅरेजात फ्रिजचं काय?

दादा सिअ‍ॅटल: ओहायोच्या जानेवारीत गॅरेजच शून्याखाली जाईल. फ्रिज चालूच होणार नाही आणि बिअर गोठेल. तेव्हा तळघरात हलव, पण तिथे खिडकी असू दे. काका काय म्हणाले ते लक्षात आहे ना?

सोनलवहिनी: पंधरा-वीस माणसांना एक केग पुरेल का?

नानाकाका: १९ लिटर भागिले ३५५ मिली. ५३ ग्लास. पहिल्या ग्लासात गाळ येईल, तो धरू नका.

बंटी कोलंबस: म्हणजे दुसरी केग घ्यावी लागणार. पुन्हा सगळा खर्च?

दादा सिअ‍ॅटल: नाही. सिलिंडर, रेग्युलेटर तेच. फक्त टाकी, टोपणं, नळी, तोटी आणि गॅसच्या नळीला फाटा. ऐंशी-नव्वदमध्ये होईल. दोन्हीकडे दाब मात्र एकच राहील, १२.

मंजूआत्या: मग दुसऱ्या टाकीत सोडा. १२चा सौम्य झाला तरी चालेल, कोकमात कळणार नाही. आगळ मी समीरच्या सासूबाईंबरोबर पाठवते, त्या पुढच्या महिन्यात यायच्याच आहेत.

बंटी कोलंबस: आत्या, बाटली नीट पॅक कर. मागच्या वेळी बॅग लाल झाली होती.