मातीच्या घरांचे गवंडी: फरशी आली आणि काम गेलं?

ओळंबा: मातीची घरं बांधणाऱ्या गवंड्यांची कला का मरतेय ते बघायला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जेन्ने गावाचं उदाहरण घेऊ. तिथली मोठी मशीद (आजची इमारत १९०७ ची) अख्खं गाव मिळून लिंपतं, गवंड्यांचा संघ, बारे तोन, देखरेख करतो. घरांचं गणित वेगळं. प्रत्येक घराण्याचा ठरलेला गवंडी असे, नातं पिढीजात. आता लोक भिंतीला भाजलेल्या फरशा लावतात, म्हणजे लिंपणाचा खर्च टळतो. पण फरशीमागे पाणी शिरलं की बाहेरून काही कळत नाही आणि आत कच्ची वीट विरघळत जाते. लिंपण थांबलं की गवंड्याची भिंतीवरची नजर जाते, आणि हाताखालच्या पोराला शिकायला कामच उरत नाही. माझ्या मते कला मरतेय ती इथे.

थापी: पटलं नाही. कला जगावी म्हणून घरमालकाने दर एक-दोन वर्षांनी पैसे का ओतायचे? गवंड्याच्या मुलाला शाळा, शहर, बारमाही मजुरी हवी असेल तर त्यात गैर काय? आणि इराणमधल्या बाम शहराचा २००३ चा भूकंप विसरू नका. हजारो माणसं मातीच्या घरांखाली गेली.

ओळंबा: बाममध्ये जड छपरं होती, भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. कोपऱ्यात सांधमोड (विटांचे सांधे एकावर एक न येऊ देणं) नीट, जोत्यावर आणि छपराखाली सलग लाकडी पट्टा, छप्पर हलकं, हे केलं तर धोका खूप कमी होतो. पण तो पट्टा बसवणारा हात हवा ना!

थापी: मग सिमेंटचा गिलावा करा, टिकेल.

गुण्या: नेमकी हीच चूक होते. सिमेंट कडक असतं, माती ओल-उन्हाने फुगते-आकसते. गिलाव्याला केसाएवढी भेग पडते, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. पायथा कुजतो, मग गिलाव्याचे पापुद्रे विटेचा थर घेऊनच सुटतात. मातीला मातीचंच लिंपण हवं: जेन्नेत चिखलात भाताचं तूस घालून कुजवतात, त्याने चिकटपणा येतो.

थापींचा मजुरीचा मुद्दा मात्र खरा आहे. कला बदलूच नये असंही नाही. जेन्नेत पूर्वी हाताने वळलेल्या गोल विटा होत्या, नंतर साच्याच्या चौकोनी आल्या, गवंडी तरीही राहिले. तेव्हा ओळंबा, भांडण फरशीशी नको. दगडी जोतं दीड-दोन फूट, छपराची पुढे आलेली कड, पावसाच्या धारेजवळच्या भिंतीला लिंपणाचा जाड थर, एवढं केलं तर लिंपणाची पाळी लांबते, खर्च कमी होतो आणि गवंड्याला बोलावणंही परवडतं.