अबोलीच्या वळेसारासाठी (गजऱ्यासाठी) केळीचं सोपट (बुंध्याचा पदर) कसं तयार करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचं घर आहे. मागे न्हाणीच्या सांडपाण्यावर चार-पाच गावठी केळी कायम असतात. श्रावण लागताना एकीचं लोंगर (घड) उतरवलं. एकदा लोंगर धरलं की ती केळ संपली, म्हणून बुंधाही तोडला.

आजी असताना यातलं काही वाया जात नसे. केळफूल तेलाच्या हातांनी सोलायचं, प्रत्येक फुलातली काडी आणि पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं, सकाळी काळे वाटाणे घालून भाजी. हे मला येतं. पानगीचं पान आधी निखाऱ्यावर धरलं की चिरत नाही, हेही तिनेच शिकवलं. अडलंय ते सोपटापाशी.

गौरीला आमच्याकडे अबोलीचा वळेसार लागतोच. आजीने तो कधी सुती दोऱ्यात केला नाही. अबोलीचा देठ फार नाजूक, दोरा आवळला की तुटतो. भिजलेलं सोपट मऊ असतं, ओल धरून ठेवतं, फुलं दुसऱ्या दिवशीही ताजी दिसतात. तिचं सोपटाचं वेटोळं पडवीत खुंटीला असायचं. फुलं आली की ते पाण्यात टाकायचं आणि नखाने हवी तेवढी बारीक पट्टी फाडायची. पण ते वेटोळं मुळात तयार कसं व्हायचं, ते मी कधी पाहिलंच नाही. आई मुंबईत राहिली, तिला "उन्हात वाळवायची" एवढंच आठवतं.

पहिल्यांदा मी बाहेरची दोन सोपटं अंगणात घातली. सर आली, ती काळी पडली, बुरशी धरली. मग आतली पांढरी घेऊन चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. ती कागदासारखी झाली, भिजवूनही गाठ मारताच तुटतात.

केळीवरच सुकून लोंबणारी सोपटं घ्यायची, की ओली सोलून वाळवायची? आतला जाळीदार भाग खरवडून काढायचा का? आणि पावसात वाळवायची कशी? ज्यांच्या घरी अजून वळेसार होतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गौरीला तीन आठवडे आहेत. लोंगर उतरवलेली आणखी एक केळ उभी आहे, तुमचं उत्तर येईपर्यंत ती तोडत नाही.