तास-दीड तासाच्या प्रवासासाठी कोणते विमान निवडावे, आणि अशा प्रवासात रंगसज्जेला काही अर्थ उरतो का?

नभोवाट

नमस्कार. विमानांच्या रंगसज्जेविषयीची, म्हणजे अंगावर आणि शेपटीवर रंगवलेल्या कंपनीच्या रंग-नक्षीविषयीची, चर्चा बहुतेक वेळा लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांभोवती फिरते. माझा प्रश्न मात्र गोवा, पुणे, जळगाव, कोल्हापूर अशा जवळच्या उड्डाणांविषयी आहे.

आधी माझे मत मांडतो. १९७१ मध्ये ‘सम्राट अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ एअर इंडियाच्या ताफ्यात आले आणि त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल कमानीचा झरोखा रंगवलेला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या रंगसज्जेतून हे झरोखे गेले आणि त्यांच्या जागी खिडकीच्या चौकटीच्या टोकावरून घेतलेला सोनेरी आकार, गडद लाल आणि जांभळट छटा आल्या. नवी रंगसज्जा देखणी आहे, हे मी मान्य करतो. पण ती दुरून किंवा छायाचित्रात पाहण्यासाठी योजल्यासारखी वाटते. झरोखे शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या प्रवाशाच्या थेट नजरेत भरत, आणि आपल्याला नेमके कोणत्या खिडकीशी बसायचे आहे याचा विचार तिथूनच सुरू होई.

आता प्रश्न असा की, ज्या उड्डाणात पाण्याची बाटली हातात पडेपर्यंत उतरण्याची घोषणा होते, तिथे या साऱ्याला महत्त्व द्यावे का? दुसरे म्हणजे, पुढच्या महिन्यात गोव्याहून जळगावला जाण्याचा विचार आहे. घरची मंडळी पंख्याचे विमान म्हटले की नाक मुरडतात आणि मुंबईमार्गे जेटने जाऊ म्हणतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंगशेपटी

झरोख्यांविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. किंबहुना ते काढण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला होता. १९८९ मध्ये बहुतांशी पांढरे अंग आणि लाल शेपटीवर सोनेरी चक्र अशी रंगसज्जा आणली गेली. ती फार काळ टिकली नाही आणि जुनी रंगसज्जा परत आली. यावेळी तसे होईल असे मला वाटत नाही, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यावर तिचीही विमाने याच रंगात आणायची आहेत.

तरीही रंगकामाची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. रंगाला वजन असते. बोइंग ७४७ सारख्या विमानावर ते सुमारे अडीचशे किलोपर्यंत जाते आणि ते प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागते. पांढरा रंग ऊन परतवतो, लवकर विटत नाही, आणि त्यावर तेलाची गळती किंवा पत्र्यातील बारीक तडा चटकन दिसतो. शिवाय आपल्याकडची बहुतेक विमाने भाडेकराराने घेतलेली असतात आणि मुदत संपल्यावर ती ठरलेल्या रंगात परत करावी लागतात. म्हणून कंपन्या अंग पांढरे ठेवतात आणि सारी हौस शेपटीवर भागवतात. खिडकीगणिक कमान रंगवणे हे वेळखाऊ काम आहे, आणि ज्यांनी ते पन्नास वर्षे चालू ठेवले त्यांच्याविषयी मला म्हणूनच आदर वाटतो.

सध्याच्या रंगसज्जांमध्ये माझी पसंती एअर इंडिया एक्सप्रेसला आहे. बांधणी, अजरख यांसारख्या कापडांचे नमुने त्यांनी शेपट्यांवर आणले आणि ते विमानागणिक वेगळे ठेवले. त्यामुळे एकाच कंपनीची चार विमाने शेजारी उभी असली तरी चारही थांबून पाहाविशी वाटतात. इंडिगोचे गडद निळे पोट आणि शेपटीवरचे ठिपक्यांचे विमान नीटनेटके आहे, पण त्यात मन गुंतत नाही. जेट एअरवेजची गडद निळी-सोनेरी शेपटी मात्र २०१९ पासून आकाशात नाही, याची रुखरुख अजून आहे.

लोहगाव२८

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच विमानात मिळते, आणि ते म्हणजे एटीआर ७२-६०० हे दोन पंख्यांचे छोटे विमान. मोठ्या विमानतळावर आपण एरोब्रिजमधून, म्हणजे इमारतीला जोडलेल्या झाकलेल्या पुलावरून, थेट दारात शिरतो. विमानाचे नाक आणि पंखाचे टोक काय ते काचेतून दिसते. एटीआरमध्ये मात्र एप्रनवरून, म्हणजे विमाने उभी राहतात त्या मोकळ्या जागेवरून, चालत जावे लागते आणि चढायचे दार मागच्या बाजूला असल्यामुळे शेपटी अगदी डोक्यावर येते. रंगसज्जा खऱ्या अर्थाने पाहायला मिळते ती इथेच. म्हणून छोट्या विमानांची रंगसज्जा हाताच्या अंतरावरून पाहण्यासाठी आखली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मोठ्या विमानाचा आराखडा आकुंचित करून लावला की अक्षरे खिडक्यांत घुसतात आणि रेषा दारापाशी तुटतात.

वेळेचे म्हणाल तर साधा हिशेब करून पाहा. एटीआरचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर आणि जेटचा ८०० धरला, तर चारशे किलोमीटरच्या अंतराला कागदावर १८ मिनिटांचा फरक पडतो. प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो, कारण एवढ्या अंतरात जेटचा बराचसा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो. आपण मुंबईमार्गे जाणार असाल, तर विमान बदलण्यातच याच्या कितीतरी पट वेळ जाईल.

पंख्याच्या विमानाविषयीची भीती निराधार आहे. त्या पंख्यांमागे टर्बाइन इंजिनच असते आणि कमी वेगाला, कमी उंचीला ही रचना जेटपेक्षा बरेच कमी इंधन घेते. त्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्रवासी चढत असताना उजव्या बाजूचे इंजिन चालू असते, पण ब्रेक लावून त्याचा पंखा थांबवलेला असतो. त्या इंजिनावर केबिनमधले दिवे आणि वातानुकूलन चालते. इंजिनाचा आवाज येत असूनही सहा पाती जागच्या जागी स्थिर उभी, हे दृश्य मला प्रत्येक वेळी तितकेच आवडते.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसाळ्यात जेट ढगांच्या वर जाते, एटीआर बरेचदा ढगांतूनच जाते आणि हादरे बसतात. सामानाचे वरचे कप्पे लहान असतात. ज्यांना पोटात ढवळते त्यांनी जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा.

खानदेशी

मी जळगावचा आहे, म्हणून थोडी भर घालतो. आमच्याकडे एटीआर हा निवडीचा प्रश्नच नाही. जळगावची धावपट्टी दोन किलोमीटरपेक्षा कमी लांबीची आहे. पूर्ण भाराने उडायला एअरबस ए३२० ला साधारण एकवीसशे मीटर लागतात आणि एटीआरचे तेराशे मीटरमध्ये भागते. त्यामुळे ‘जेट का येत नाही’ अशी तक्रार करण्यापेक्षा, आलेले छोटे विमान टिकावे यासाठी आपण त्याचे तिकीट काढावे, असे मला मनापासून वाटते.

ते टिकणे सोपे नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. ७८ आसनांचे विमान तिथे १८० आसनांच्या विमानाएवढीच जागा वेळापत्रकात अडवते, वर त्याचा वेगही कमी. मग सोयीच्या वेळा मोठ्या विमानांना मिळतात आणि आमच्यासारख्या गावांच्या वाट्याला आडवेळ येते. छोटी शहरे विमानसेवेने जोडण्याच्या सरकारी उडान योजनेत तिकिटाला अनुदान मिळते, विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचे शुल्क माफ असते (७८ हा आकडा त्यामुळेच फार सोयीचा आहे), पण मुंबईतली सकाळची वेळ अनुदानाने मिळत नाही.

यामुळेच मुंबईला वळसा घालणाऱ्या सेवा मला महत्त्वाच्या वाटतात. मार्च २०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरून सुरू झालेल्या फ्लाय९१ या कंपनीने गोवा, सिंधुदुर्ग, जळगाव आणि पुढे सोलापूर अशी गावे एटीआरने थेट जोडली. जुन्या जाणकारांना आणखी एका गोष्टीचा आनंद होईल: पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या तिकिटांवर असलेला ‘आयसी’ हा कंपनीचा दोन अक्षरी संकेत आता या कंपनीकडे आहे. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांसाठी स्टार एअरचे एम्ब्रेयर ई१७५ हे उत्तम जेट आहे. दोन-दोनची आसनरचना असल्यामुळे मधले आसन कोणाच्याच नशिबी येत नाही.

नभोवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरच्यांना वेळेचा हिशेब दाखवला आणि थेट उड्डाणाला होकार मिळाला. आता आसन कोणते घ्यावे, एवढेच सांगावे.

लोहगाव२८

पंख्यांच्या रेषेत पुढच्या भागात आवाज अधिक येतो, म्हणून मंडळींना मागच्या रांगा द्या. आपल्याला स्वतःला पाहायचे असेल तर डाव्या बाजूला, पंखाच्या किंचित मागे बसा. पंख डोक्यावर असल्यामुळे खालचे काहीच झाकले जात नाही आणि उत्तरेकडे जाताना सह्याद्रीची रांग त्याच बाजूला येते. जळगावला उतरताना पोटाशी असलेली चाके बाहेर पडून धावपट्टीला टेकतात, तेही त्या खिडकीतून दिसते. एप्रनवर छायाचित्र काढण्यापूर्वी मात्र कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी. पुण्यासारख्या हवाई दलाच्या तळावर तर कॅमेरा बाहेर काढूच नये.