'अवकाशाचे लष्करीकरण' म्हणावे की 'शस्त्रीकरण'?

वाशीकर : ४ ते १० ऑक्टोबर या आठवड्यात दरवर्षी निरनिराळ्या देशांत अवकाशातल्या शस्त्रांविरुद्ध निदर्शनं होतात. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक उडाला ४ ऑक्टोबर १९५७ला, अवकाशाच्या वापराचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय 'बाह्य अवकाश करार' लागू झाला १० ऑक्टोबर १९६७ला, म्हणून हा आठवडा. आम्ही काही जण वाशी स्टेशनबाहेर पत्रकं वाटणार आहोत. मथळा : 'बाह्य अवकाशाचे लष्करीकरण व अण्वस्त्रीकरण थांबवा'. मिलिटरायझेशनला हाच शब्द ना? आणि ग्रासरूट्सला 'तळागाळातली चळवळ' चालेल?

तलावपाळी : शब्द बरोबर, पण मागणी पाहा. टेहळणी उपग्रह १९६० पासून वर आहेत. आपल्या नौदलाचा संपर्क उपग्रह जीसॅट-७ आहेच. म्हणजे लष्करीकरण केव्हाच झालं. तुमचा विरोध तिथे शस्त्रं नेण्याला, उपग्रह फोडण्याला असेल तर 'शस्त्रीकरण' लिहा. निःशस्त्रीकरण आपण सर्रास म्हणतो, मग हा कुणाला अडणार? मार्च २०१९ मध्ये 'मिशन शक्ती'त आपण आपलाच उपग्रह जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून पाडला. पत्रक हातात घेऊन कोणीतरी 'मग ते काय होतं?' असं विचारणारच.

वाशीकर : चळवळीतल्या लोकांना मात्र टेहळणीही नको आहे. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या मेनविथ हिल या टेहळणीच्या तळाबाहेर वर्षानुवर्षं निदर्शनं झाली, ती शस्त्रांपुरती नव्हती.

तलावपाळी : मग दोन्ही शब्द लिहा. एकाच्या नावावर दुसरा खपवू नका, एवढंच.

ऐरोलीच्या बाई : 'अण्वस्त्रीकरणा'त अर्धी चळवळ बाहेर राहते. १९९७ साली शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाविरुद्ध केप कॅनाव्हेरलला लोक जमले, त्या यानावर सुमारे ३३ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड होतं. ते अस्त्र नव्हतं, विजेसाठी होतं. भीती अपघाताची होती आणि ती हवेतली नव्हती. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह अणुभट्टीसकट कॅनडात कोसळला, किरणोत्सारी तुकडे बर्फात शोधावे लागले. उलट अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला १९६७च्या करारातल्या चौथ्या कलमानेच बंदी आहे. साध्या शस्त्रांना कक्षेत तशी बंदी नाही, खरी फट तिथे आहे. तेव्हा न्यूक्लिअरायझेशनला एक शब्द पाडत बसू नका. 'अवकाशात अण्वस्त्रे नकोत, अणुभट्ट्याही नकोत' असं सरळ लिहा. (वाशीत नुसतं 'अणुभट्टी' म्हटलंत तर लोक खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राकडे बघतील, म्हणून 'अवकाशात' हा शब्द आधी हवा.)

आणि 'तळागाळातली' नको. तळागाळ म्हणजे समाजाच्या सर्वांत खालच्या, वंचित थरातले लोक. निवृत्त शिक्षक, जोडपी, विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले तर ती 'लोकचळवळ'.

कोपरी-पूर्व : 'अवकाश'वर कुणीच बोललं नाही! वाशी स्टेशनावरचा निम्मा वाचक हिंदी. त्याला अवकाश म्हणजे सुट्टी. सुट्टीत अणुभट्टी नको, याला कोण नाही म्हणेल? 'अंतराळ' लिहा, मराठीतही तोच जास्त चालतो.

ऐरोलीच्या बाई : कराराचं नाव 'बाह्य अवकाश करार' असंच रुळलंय, ते बदलू नका. मथळ्यात अंतराळ चालेल.

वाशीकर : ठरलं तर. 'अंतराळात शस्त्रे नकोत, अणुभट्ट्या नकोत.' लष्करीकरण आत, दुसऱ्या परिच्छेदात समजावून.

कोपरी-पूर्व : आणि अण्वस्त्रं?

वाशीकर : शस्त्रांत आलीच की.

ऐरोलीच्या बाई : आली, पण वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. वेगळी लिहा. आणि छापायला देण्याआधी प्रूफ बघा, 'ण्व' हे जोडाक्षर छपाईत हटकून फुटतं.