रोवणीनंतर अंगठ्याचं नख पिवळं: बुरशी की ठेच?

धानपट्टा: रोवणीत दिवसचे दिवस पाय बांधीतल्या चिखलात असतात. पुढे बऱ्याच बायांच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड दिसतं. कोणी ठेच म्हणतं, कोणी बुरशी. घरी फरक कसा ओळखायचा?

पायाची_निगा: रंगापेक्षा डाग कुठून सुरू झाला ते आधी पाहा. बुरशी बहुतेकदा नखाच्या टोकाकडून किंवा बाजूच्या कोपऱ्यातून शिरते आणि मुळाकडे सरकते. कोपरा पिवळट-पांढरा, खाली पिठासारखा भुगा, नख जाड आणि खालून सुटलेलं, कापताना तुकडे पडणारं. करंगळीच्या बेचक्यात चिखल्या किंवा तळव्याला सालं सुटत असतील, तर संशय आणखी वाढतो.

ठेचेचा डाग काळा-जांभळा असतो आणि नखाबरोबर पुढे जातो. मुळापासून डागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून ठेवा. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत तीनेक मिलिमीटर स्वच्छ नख मागे दिसायला हवं. बुरशीत हे अंतर तेवढंच राहतं किंवा घटतं. मात्र ठेचेने सुटलेल्या नखातही पुढे बुरशी शिरते, दोन्ही एकत्र असू शकतात.

काळी उभी रेघ रुंद होत असेल किंवा रंग कातडीवर उतरला असेल, तर मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. तो कर्करोगही असू शकतो.

धानपट्टा: आणि हाताची नखं?

पायाची_निगा: सतत पाण्यात हात असले की आधी मुळाजवळची कातडी सुजते, दुखते, म्हणजे नखुर्डं, नख नंतर बिघडतं. बऱ्याच नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील तर सोरायसिसचा (कातडीचा एक आजार, बुरशी नव्हे) विचार करा.

लॅबटेक्निशियन: नुसतं पाहून बुरशीची गोळी सुरू करू नका, आधी केओएच तपासणी (नखाचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहणं) करा. नमुना चुकला की बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. टोकाचा सुका तुकडा पुरत नाही; नख स्पिरिटने पुसून, सुटलेला भाग कापून, चांगल्या नखाला लागून असलेला भुगा खरवडावा लागतो. आधीपासून बुरशीचं मलम किंवा गोळी चालू असेल तर तसं सांगा.

धानपट्टा: मेडिकलमधून ट्यूब आणून लावली तर?

लॅबटेक्निशियन: साधं मलम जाड नखातून खाली पोचत नाही, आणि स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने बुरशी पसरते. पायाच्या नखाला डॉक्टर सहसा टर्बिनाफिन ही बुरशीची गोळी, 250 मिग्रॅ रोज एक, 12 आठवडे देतात. यकृताची तपासणी आधी करतात. गोळ्या संपल्या तरी नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून 'गुण नाही' म्हणून मध्येच सोडू नका. मधुमेह असेल तर नख घरी खरवडू नका, जखम चिघळते. नेलकटर वेगळा ठेवा.