जुन्या वाइनरीची जागा: माती-पाणी कसं तपासावं?

प्रश्न: हिंगण्याकडे बंद वाइनरीची जागा बघतोय. सांडपाण्याचा कच्चा खड्डा, जमिनीखाली डिझेलची टाकी, एक विहीर. नमुने कुठून घ्यावेत?

उत्तर १: खड्ड्यापासून सुरुवात करा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, सांडपाणी थेट मुरमात उतरतं. म्हणून वरची फूटभर माती तपासून भागत नाही. मुरूम लागेपर्यंत दर अर्ध्या मीटरला नमुना घ्या. डिझेलसाठी टाकीच्या तळाखालची माती, काचेच्या बरणीत गच्च भरून, बर्फात.

उत्तर २: विहीर विसरू नका. सांडपाण्यातली साखर खाताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात, मग खडकातलं लोह-मँगनीज विरघळतं. उपसलेलं पाणी नितळ दिसतं, थोड्या वेळाने बादलीत तांबूस साका बसतो. धातूंचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या (अतिबारीक छिद्रांच्या) फिल्टरने गाळून नायट्रिक आम्ल घाला, नाहीतर लोह बाटलीतच बसतं आणि अहवालात कमी दिसतं.